पायऑर्गन घ्यावा की कीबोर्ड? सल्ला हवा

काळी_दोन: शनिवार पेठेतला एक वाडा पाडायला निघालाय. त्यांच्याकडे पणजोबांच्या वेळचा अमेरिकन पायऑर्गन (पायाने भाता हलवून वाजवायचा) आहे, ४० हजार म्हणतायत. लेक नाट्यसंगीताची साथ शिकतेय. तेवढ्या पैशात ६१ पट्ट्यांचा बरा कीबोर्ड येतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काय करू?

भाता_फुटका: वाजवून पाहिलात का? मी पॉलिशला भुललो होतो. घरी आणून मागची फळी काढली, तर नमदा (आतलं लोकरीचं जाड कापड) उंदरांनी खाल्लेला आणि भात्याचं कापड बोट लावताच फाटलं. चार महिने दुरुस्तीत गेले. तुम्ही जाल तेव्हा एकही पट्टी न दाबता पायटे (पायाने दाबायच्या फळ्या) मारा, मग पाय थांबवा. भाता लगेच परत उघडला तर गळती आहे. पट्टी न दाबता एखादा सूर वाजतच राहिला, तरी दुखणंच. एखादा मुका असेल तर मात्र घाबरू नका. पेटीत हवा बाहेर ढकलली जाते, यात आत ओढली जाते, त्यामुळे धूळ सुरांच्या धातूच्या पात्यांवरच बसते, ती साफ करता येते. आणि ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) न्या, जुना ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झला लावलेला असेलच असं नाही.

खर्ज_नर: मी म्हणेन कीबोर्ड. भरत नाट्य मंदिरात ऑर्गन रिक्षातून नेणार आहात का? फक्त दुकानात 'ऑर्गन' असं लिहिलेल्या बटणाला फसू नका. तिथे बहुतेक हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनची नक्कल असते. १९३५चं ते यंत्र, लोखंडी चाकं फिरवून सूर काढणारं. त्यात ना भाता ना पाती. आपल्या नाटकातला आवाज 'रीड ऑर्गन' या नावाखाली शोधा, जनरल मिडीच्या (कीबोर्डांतल्या आवाजांच्या ठरलेल्या) यादीत २१वा.
टच रिस्पॉन्स (जोरात दाबलं की मोठा आवाज) बंद ठेवा. ऑर्गनची पट्टी हळू दाबा की आपटा, आवाज तेवढाच. चढउतार पायाचा आणि गुडघ्याचा. म्हणून आवाज कमीजास्त करणाऱ्या एक्स्प्रेशन पेडलची जागा असलेलाच घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच कीबोर्डांना नुसती सस्टेनची (सूर लांबवणाऱ्या पेडलची) असते. आणि ट्रान्सपोजच्या (सगळे सूर वरखाली सरकवणाऱ्या) बटणावर चिकटपट्टी लावा! नाहीतर पोरगी आयुष्यभर 'पांढरी एक' हाच सा धरून वाजवेल.

काळी_दोन: काल जाऊन आलो. भाता सात-आठ सेकंदांत उघडला, दोन सूर मुके. पण लेकीने खालच्या सुराची पट्टी दाबली आणि म्हणाली, "बाबा, हा उशिरा उठतो."

भाता_फुटका: लांब पाती, हलायला वेळ घेते. वाजवणारा हात कणभर आधी टाकतो. हे कान-पाय कीबोर्डवर तयार होत नाहीत हो. पोरीने पाच मिनिटांत ओळखलं ना? घ्या.

खर्ज_नर: आणि जिना?

काळी_दोन: मोजला. वळणावर चार बोटं कमी पडतायत. मागची फळी आणि वरचा आरसा काढून जाईल असं वाटतंय. दुरुस्तीचा खर्च धरून मी २५ हजार सांगितलेत, ते उद्या कळवतील. पेठेत भात्याचं काम करणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.