आठवड्याला ४० तासांचा वर्तनोपचार की खेळातून उपचार?

प्रश्न
आमचा मुलगा पावणेपाच वर्षांचा असून तो स्वमग्न (ऑटिस्टिक) असल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. तो मोजकेच शब्द बोलतो. मिक्सर सुरू झाला की कपाळ भिंतीवर आपटतो आणि आनंद झाला की दोन्ही हात फडफडवतो. एका तज्ज्ञांनी आठवड्याला ४० तास वर्तनोपचार घेऊन हात फडफडवणे आधी बंद करावे असे सांगितले, तर दुसऱ्यांनी खेळातून भावनिक संवाद वाढवणारा फ्लोअरटाइम सुचवला. दोन्ही एकदम झेपणार नाहीत. सुरुवात कशाने करावी?

उत्तर १
हा ४० तासांचा आकडा प्रामुख्याने मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातून आला आहे. त्यात इतके तास उपचार मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेच्या पहिल्या इयत्तेपर्यंत पोहोचली. मात्र गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती आणि त्या काळच्या पद्धतीत मोठ्याने दरडावणे, मांडीवर चापट मारणे हेही होते, म्हणून तो आकडा नियम मानू नये. डोके आपटणे मात्र थांबवायलाच हवे. त्यासाठी आधी कानदुखी किंवा दातदुखी नाही ना हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आणि मग दोन आठवडे प्रत्येक प्रसंगाच्या आधी काय घडले, त्याने काय केले व त्यानंतर घरच्यांनी काय केले, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावे. कारण कळले की त्याच कारणासाठी वापरता येईल असा दुसरा मार्ग, उदाहरणार्थ ‘बंद करा’ हे चित्रकार्ड, शिकवता येतो. चांगला वर्तनोपचार म्हणजे मुख्यतः हेच.

उत्तर २
मी स्वतः एका स्वमग्न मुलीची आई आहे. हात फडफडवण्याने कोणाला इजा होते? आम्हीही ती सवय मोडायला निघालो होतो. हात थांबले, पण ती नखे कुरतडून बोटे रक्तबंबाळ करू लागली, तेव्हा तो नाद सोडला. चित्रकार्डांनी मात्र फरक पडला. पहिले कार्ड पाण्याच्या पेल्याचे होते आणि ते माझ्या तळहातावर ठेवायला तिला अकरा दिवस लागले.

उत्तर ३
बालमनोविकारतज्ज्ञ स्टॅन्ली ग्रीनस्पॅन यांच्या फ्लोअरटाइमला संशोधनाचा आधार तुलनेने कमी आहे. तरीही जमिनीवर बसून मुलाच्या खेळात त्याच्या कलाने शिरणे पालकांना रोज वीस मिनिटे करता येते आणि त्यासाठी वर्तनोपचार सोडावा लागत नाही. भीती व चिंता यांसाठीची संज्ञानात्मक वर्तन चिकित्सा, म्हणजे बोलून विचार व वागणे बदलण्याचा उपचार, भावना शब्दांत सांगता येऊ लागल्यावर अधिक उपयोगी पडते. सध्या तिची घाई नको.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे. नोंदवहीचे चार दिवस झाले. तीन वेळा त्याने डोके आपटले आणि त्यांपैकी दोन वेळा मिक्सर सुरूच झाला नव्हता, फक्त त्याचे भांडे खट्ट करून बसवले होते.