पहिल्यांदा रोमला जाताय? आपापले अनुभव लिहा

मे महिन्याची तिकिटं काढून झाली की "रोममध्ये काय काय बघू?" असे निरोप सुरू होतात. काय बघायचं ते कुठेही मिळतं. कलोसियम आणि ट्रेव्हीचं कारंजं कुणाचं चुकत नाही. इथे लिहा ते त्यापुढचं. रांगेत वेळ कुठे गेला, पाय कुठे बोलायला लागले, खाण्याचं काय झालं, पैसे न देता काय बघायला मिळालं. सुरुवात मी करते.

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस टर्मिनी स्टेशनला ३२ मिनिटांत नेते, पण आमचा मुक्काम त्रास्तेव्हेरे भागात होता, म्हणून आम्ही तिथे थांबणारी स्वस्त लोकल धरली. ती टर्मिनीला जात नाही, तेव्हा हॉटेल कुठे आहे ते पाहून गाडी ठरवा. जुन्या रोमचे रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत. त्यावरून चाकांची बॅग ओढणं म्हणजे शिक्षाच. बॅग लहान घ्या, बूट जुने आणि सवयीचे घ्या.

पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर लोखंडी खांबासारखे नळ आहेत, १८७० च्या दशकापासूनचे. पाणी गार आणि अखंड वाहतं. वाकड्या तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक छिद्रातून धार उडते, ती थेट तोंडात घ्यायची. आमच्या लेकीला कलोसियमपेक्षा हेच जास्त आवडलं.

खादाडभाऊ

इटलीत शाकाहाऱ्यांना चिंता नाही, असं सगळे सांगतात. निम्मंच खरं आहे. रोमचे जे चार नावाजलेले पास्ता आहेत, त्यातल्या कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रिचा या तिघांत डुकराच्या गालाचं मांस असतं. उरतो काचो ए पेपे, म्हणजे पेकोरीनो चीज आणि भरपूर मिरी. त्यातही पेकोरीनोसाठी दूध गोठवायला कोकराच्या जठरातलं रेनेट लावतात, तेव्हा कडक पाळणाऱ्यांनी तोही सोडावा.

खरी गंमत झाली फुलांच्या भज्यांची. झुकिनीची फुलं पिठात बुडवून तळलेली बघून आई एकदम खूश. आपल्याकडे भोपळ्याच्या फुलांची करतात ना, तशीच. मी आधी विचारून घेतलं म्हणून बरं, आत मोझरेलाबरोबर अँचोव्ही मासा होता. 'सुप्ली' नावाच्या भाताच्या वड्यातही बहुतेक वेळा खिमा असतो. दोन वाक्यं पाठ करा: 'सेन्झा कार्ने' (मांस नको) आणि 'सेन्झा पेशे' (मासा नको).

मग खायचं काय? 'पिझ्झा आल तालियो'. लांबलचक ट्रेमधला पिझ्झा, बोटाने किती हवा ते दाखवा, बाई कात्रीने कापून वजनावर देते. नुसत्या टोमॅटोचा 'रोस्सा' घ्या. ज्यूंच्या जुन्या वस्तीत अख्खं आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी दिसणारी भाजी) तेलात तळून देतात, पाकळ्या कुरकुरीत होतात. आणि कॉफी उभ्यानेच प्या. टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते.

वसईकर

आम्ही पॅरिशच्या ग्रूपबरोबर गेलो होतो, म्हणून व्हॅटिकनचं सांगतो. बुधवारी सकाळी पोपमहाशयांची जाहीर भेट असते. पास फुकट असतो, वाटेत कुणी विकायला आला तर सरळ पुढे चला. चौकात सभा असली की सेंट पीटर्स बॅसिलिका दुपारपर्यंत बंद, त्यामुळे ज्यांना फक्त चर्च बघायचंय त्यांनी बुधवार टाळलेला बरा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, जुलैच्या उन्हातसुद्धा. आमच्या काकींनी पंजाबी ड्रेसची ओढणी दोन अनोळखी मुलींना आळीपाळीने दिली.

घुमटाच्या ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटी भिंत घुमटासोबत कलते, तुम्हालाही तिरकं चालावं लागतं. दम्याच्या माणसांनी खाली 'पिएता' या मायकेलअँजेलोच्या शिल्पासमोर निवांत उभं राहावं. व्हॅटिकन म्युझियमचं दार वेगळं आहे, भिंतीला वळसा घालून जावं लागतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी म्युझियम फुकट असतं, पण ती रांग मी शत्रूलाही सुचवणार नाही.

चित्रवेडी

चित्रकार काराव्हाज्जोची चित्रं बघायला तिकीट लागत नाही! पियात्सा नव्होनाजवळ सान लुईजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये, डाव्या हाताच्या शेवटच्या चॅपेलमध्ये संत मॅथ्यूची तीन चित्रं आहेत. तिथे अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने खट्कन विझतो. मग वीस माणसं अंधारात एकमेकांकडे बघत उभी, आता कोण टाकणार! सुटी नाणी ठेवाच. बरीच चर्चेस दुपारी बंद असतात, सकाळीच उरका. पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाला मात्र जुलै २०२३ पासून तिकीट आहे. तरी पाऊस पडत असेल तर मुद्दाम जा. घुमटाच्या मधोमध उघडं भोक आहे, पाणी सरळ आत पडतं आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातं.

गुडघेदुखी

कलोसियमचं तिकीट नावावर असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. त्याच तिकिटात फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि शेजारची पॅलाटिन टेकडी येते, पण सगळं एका दमात करायला जाऊ नका, तिथे सावली फार थोडी आहे. बोर्गेझे गॅलरीत दोन तासांची वेळ ठरवून आधीच तिकीट काढावं लागतं. शिल्पकार बर्निनीचं 'अपोलो आणि डॅफ्नी' हे शिल्प तिथेच आहे, बोटांची पानं होताना दिसतात, संगमरवरात! माझ्या मते कलोसियम बाहेरून बघून हे आतून बघावं. आमच्या हिला हे अजिबात पटलेलं नाही.

स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर टेकू नका, २०१९ पासून बसायला बंदी आहे, दंड होतो. पाय दुखले तरी नाही.

मुंबईची लोकलवाली

टर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. दादर स्टेशनवर सॅक पुढे घेता ना, तशीच घ्या. बाकी काही नाही.

भटकभवानी

गर्दीने वैतागलात तर ओस्तिया आंतिका. पिरामिदे मेट्रोला लागून असलेल्या स्टेशनातून शहरातल्याच साध्या तिकिटावर गाडी जाते. अख्खं प्राचीन रोमन गाव, अवशेषांच्या रूपात: बेकरी, नाट्यगृह, ओळीने बसायची सार्वजनिक संडासं. पोरं हसून लोळली.

नवीन पाहुणा

सगळं वाचलं, आभार. आम्ही ऑगस्टच्या मध्याला पोचतोय. १५ तारखेला तिथे मोठी सुट्टी असते आणि बरीच दुकानं बंद असतात असं कळलं. त्या आठवड्यात गेलेलं कुणी आहे का? सोबत सासूबाई आहेत, कांदा-लसूणही चालत नाही.