मदत हवी आहे: पक्षाघाताच्या एमआरआयमधील लोहाचे नॅनोकण आणि सिकलसेलचे रुग्ण

नमस्कार. मी नागपुरात रेडिओलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेत असून, पक्षाघाताच्या एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत फरक ठळक दिसावा म्हणून टोचले जाणारे द्रव्य) म्हणून वापरता येणाऱ्या आयर्न ऑक्साइडच्या नॅनोकणांवर सेमिनार तयार करत आहे. दाहाच्या जागी जमणाऱ्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी हे कण गिळतात, त्यामुळे मेंदूतला दाह टी२-स्टार (लोहाला संवेदनशील अशा एमआरआय पद्धतीच्या) प्रतिमेत काळ्या डागांच्या रूपाने दिसू शकतो. मात्र जुन्या रक्तस्रावातले हिमोसिडेरिनही (रक्तातून साठून राहिलेले लोहयुक्त द्रव्य) तसेच काळे दिसते. कण देण्यापूर्वीची प्रतिमा शेजारी ठेवून हा फरक ओळखता येतो, हे मला समजले आहे.

माझी खरी अडचण वेगळी आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत, त्यांना लहान वयातही पक्षाघात होतो आणि वारंवार रक्त द्यावे लागल्याने अनेकांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. अशा मुलांना फेरुमॉक्सिटॉलसारखे आयर्न ऑक्साइडच्या नॅनोकणांचे औषध, ज्यावर तीव्र ॲलर्जीच्या धोक्यामुळे अमेरिकेत २०१५ मध्ये ठळक इशारा छापणे बंधनकारक झाले, निव्वळ तपासणीसाठी देणे मला तरी योग्य वाटत नाही. या रुग्णांवरील अभ्यास कोणी वाचला असल्यास, किंवा लोहविरहित कणांचा पर्याय १.५ टेस्ला (चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक) क्षमतेच्या एमआरआय यंत्रावर कितपत उपयोगी पडतो हे ठाऊक असल्यास, कृपया सविस्तर सांगावे.