मदत हवी आहे: अस्सल कडकनाथ कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून कडकनाथची ४० पिल्लं आणली. आता त्यातल्या ९ कोंबड्यांचे तुरे लालभडक झालेत, दोघींच्या पायांवर पिवळट झाक आहे. मन खट्टू झालंय.

हे वाण मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्ल आणि भिलाला घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. तिकडे त्याला ‘कालीमासी’ म्हणतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, मांस, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं. अंडं मात्र फिकट तपकिरी. (काळं अंडं म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.) अडचण अशी की काळेपणाचा गुण प्रबळ असतो, त्यामुळे संकरित पिल्लंही काळी दिसू शकतात.

तर जाणकारांनी सांगा: जीभ, तुरा, नख्या यांपैकी कशावर भरवसा ठेवता? पिसांवर सोनेरी किंवा पांढरट छटा असलेले पक्षी मी बाद करू नयेत ना? कारण मूळ वाणातच काळा, सोनेरी आणि पेन्सिल्ड (पिसांवर बारीक फिकट रेघा असलेला) असे तीन प्रकार आहेत. आणि कडकनाथ सहसा खुडूक बसत नाही, मग अंडी गावठी कोंबडीखाली ठेवता की मशीनमध्ये? झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रातून पिल्लं आणलेलं कुणी असेल तर प्रवासात ती कशी जगवली, तेही लिहा.