मदत हवी: ऑर्डरचे मेल मालकांच्या जीमेलवर आपोआप पाठवायचेत, पण मोठ्या कंपन्यांचेच मेल परत जातायत

हिंगण्याचा_हिशेबनीस

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. मी अकाउंट्सचा माणूस. पण टॅली येते म्हणजे कॉम्प्युटर येतो, या न्यायाने मेल सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडला. ज्याने तो बसवला तो पोरगा पुण्याला गेला. फोन उचलतो, "बघतो दादा" म्हणतो आणि ठेवतो.

सर्व्हर उबुंटूवर आहे, मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि मेल साठवून दाखवणारं डव्हकॉट. मालक दिवसभर बुटीबोरीला नाहीतर गाडीत, त्यामुळे त्यांना ऑर्डरच्या आयडीवर येणारा प्रत्येक मेल स्वतःच्या जीमेलवरही पाहिजे.

मी पोस्टफिक्सच्या व्हर्च्युअल अलायसच्या फाईलमध्ये (कोणत्या आयडीचा मेल कुठे वळवायचा ती यादी) डावीकडे ऑर्डरचा आयडी लिहिला, उजवीकडे मालकांचा जीमेल, आणि यादी लागू करायला पोस्टमॅप चालवलं. मेल पोचला, मालक खूश. संध्याकाळी पाहतो तर ऑफिसच्या इनबॉक्समध्ये दिवसभरात एकही मेल नाही! उजवीकडे ऑर्डरचा आयडीसुद्धा परत लिहावा लागतो, नाहीतर आपल्याकडे प्रत राहतच नाही. हे एक दिवस घालवून शिकलो.

खरा घोळ पुढेच आहे. इतवारीतल्या व्यापाऱ्यांचे, ट्रान्सपोर्टवाल्यांचे मेल जीमेलवर येतात, कधी स्पॅममध्ये का होईना. पण मोठ्या कंपन्यांचे आणि बँकेचे येतच नाहीत. परवा आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या परचेसमधून फोन आला, "तुमचा मेल बाउन्स होतोय, आयडी बंद केला काय?" वर त्या बाउन्समध्ये मालकांचा खासगी जीमेल पत्ता ठळक दिसत होता. त्यांची पीओ (खरेदीची ऑर्डर) ऑफिसच्या बॉक्समध्ये सुखरूप पडलेली होती, पण सगळे जीमेलच्या भरवशावर, उघडली कोणीच नाही. मालक मलाच बोलले.

लॉगमध्ये ५५०-५.७.२६ असा आकडा दिसतो. कोणी सांगेल का, चुकतंय कुठे?

तर्रीवाला

राजेहो, सरळ एसपीएफची भानगड आहे, म्हणजे कोणत्या सर्व्हरने आपल्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायचा त्या यादीची. मेल गिऱ्हाइकाच्या डोमेनच्या नावाचा, पण जीमेलच्या दारात तो आणून देतोय तुमचा सर्व्हर. गिऱ्हाइकाने आपल्या एसपीएफ नोंदीत तुमच्या सर्व्हरचा आयपी (नेटवरचा पत्ता) लिहिलेला नाही, लिहिणारही नाही. मग जीमेल म्हणणारच, तू कोण बा? बाउन्सही मूळ पाठवणाऱ्याकडेच जातो, कारण लिफाफ्यावरचा पत्ता, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाठवणाऱ्याचा पत्ता, त्याचाच असतो. पोस्टएसआरएसडी टाका. ते लिफाफ्यावरचा पत्ता तुमच्या डोमेनचा करून देतं, यालाच एसआरएस म्हणतात. काम खतम.

लॉगवाचक

काम अर्धंच खतम. एसआरएसने एसपीएफ पास होईल, पण तुमच्या डोमेनच्या नावाने. डीमार्क, म्हणजे तपासणीत नापास मेलचं काय करायचं हा डोमेनमालकाचा नियम, बघतो 'फ्रॉम'मध्ये दिसणारं डोमेन, आणि ते गिऱ्हाइकाचंच राहतं. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून डीमार्कसाठी तो पास काही कामाचा नाही. अशा वेळी मेल तरतो तो डीकेआयएमवर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने मेलवर केलेल्या डिजिटल सहीवर. मेलला वाटेत कोणी हात लावला नाही तर फॉरवर्ड झाल्यावरही सही शाबूत राहते. तुमच्याकडे ती तुटतेय असा संशय आहे.

जीमेलवर पोचलेला एखादा मेल उघडा, तीन ठिपके, 'मूळ दाखवा'. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांचे निकाल असतात. ते इथे टाका. आणि सांगा, तुमचा सर्व्हर येणाऱ्या मेलच्या विषयात किंवा खाली काही जोडतो का?

हिंगण्याचा_हिशेबनीस

पाहिलं. एसपीएफ फेल, डीकेआयएम फेल.

आणि हो, जोडतो! बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलच्या विषयाआधी चौकटी कंसात 'एक्स्टर्नल' लागतं. मागे एकदा खोट्या बिलाचा मेल आला होता, त्यानंतर त्या पोराने बसवलं होतं. मला तर वाटायचं हे मेलसोबतच येतं.

लॉगवाचक

सापडला चोर. विषयाची ओळ जवळपास नेहमीच सहीत धरलेली असते. तिथे एक शब्द वाढला की सही खोटी ठरते. एसपीएफ आधीच गेलेला, आता डीकेआयएमही गेला. ज्या डोमेनचं डीमार्क धोरण 'रिजेक्ट' (नापास मेल परत पाठवा) आहे, म्हणजे बँका, मोठ्या कंपन्या, त्यांचा मेल जीमेल दारातूनच परत पाठवतं. तुमच्या व्यापाऱ्यांचे आयडी साध्या जीमेलचे असतील. त्या डोमेनचं धोरण इतकं कडक नाही, म्हणून ते रखडत का होईना पोचतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी आवळले आहेत, त्यामुळे जुन्या चालीवर चालणारे फॉरवर्ड बऱ्याच जणांचे अडकले.

'एक्स्टर्नल' जोडणारी ओळ बहुतेक पोस्टफिक्सच्या हेडर चेक्सच्या फाईलमध्ये 'रिप्लेस' म्हणून असेल. ती बंद करायला तिच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, पोस्टफिक्स रीलोड करा. एसआरएस त्यानंतर टाका, तेही हवंच.

तर्रीवाला

मान्य, माझं अर्धंच होतं. 😅 पण दादा, फॉरवर्ड कशाला पाहिजे? मालकांच्या फोनमधल्या जीमेल ॲपमध्ये ऑर्डरचा आयडी आयमॅपने (सर्व्हरवरचा मेल तिथेच ठेवून वाचायची सोय) जोडून द्या. मेल तुमच्याच सर्व्हरवर राहील आणि बाउन्सचा प्रश्नच नाही. शिवाय फॉरवर्ड केला की तुमच्याकडचा सगळा स्पॅमही जीमेलकडे जातो, तुमच्याच आयपीच्या नावावर. उद्या तुमची स्वतःची कोटेशन्स स्पॅममध्ये पडू लागतील.

हिंगण्याचा_हिशेबनीस

आयमॅपचं आधीच सुचवलं होतं. "मला दोन डबे नको, एकच पाहिजे" असं उत्तर मिळालं.

अपडेट: ती ओळ हेडर चेक्समध्येच होती. हॅश टाकला, रीलोड केलं. बँकेच्या साइटवर जाऊन स्टेटमेंट मेलवर मागवलं, दोन मिनिटांत मालकांच्या इनबॉक्समध्ये! 'मूळ दाखवा'मध्ये डीकेआयएम पास, डीमार्क पास, एसपीएफ अजून फेल. पोस्टएसआरएसडी रविवारी टाकतो, युनिट बंद असतं. गिऱ्हाइकाच्या परचेसला फोन करून तोच मेल परत पाठवायला सांगितला, यावेळी बाउन्स नाही.

'एक्स्टर्नल' गेल्यामुळे स्टोअरवाले विचारतायत की आता खोटा मेल ओळखायचा कसा. तूर्त सांगितलंय, खाते नंबर बदलल्याचा मेल आला की आधी आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन लावायचा.

लॉगवाचक

बरोबर सांगितलंत. आणि रविवारी बसाल तेव्हा पुण्याच्या पोराचा पासवर्ड पण बदला.

हिंगण्याचा_हिशेबनीस

अरे बापरे. तो तर अजून चालू आहे.