शब्द हवा आहे : ‘डिटर्मिनिझम’ आणि हातून फुटलेली फुलदाणी

बनवलेल्या जगांवरच्या विज्ञानपटांबद्दल लेख लिहायला घेतलाय आणि तिसऱ्याच परिच्छेदात गाडं अडलं. ‘फ्री विल’ला इच्छास्वातंत्र्य आणि ‘डिटर्मिनिझम’ला नियती असं बिनधास्त लिहीत चाललो होतो. मग ‘द मेट्रिक्स’मधला (१९९९) तो प्रसंग आला. भविष्य सांगणारी ऑरॅकल नायक निओला सांगते, फुलदाणीचं मनावर घेऊ नकोस. ‘कुठली फुलदाणी?’ म्हणत तो वळतो, धक्का लागतो, फुलदाणी खाली. वर बाई विचारतात, मी बोललेच नसते तर तू ती फोडली असतीस का?

आता क्रियापद कोणतं घालू? ‘फोडली असतीस’ म्हटलं की त्याने मुद्दाम आपटल्यासारखं वाटतं. ‘फुटली असती’ म्हटलं की तो बिचारा वाक्यातूनच गायब. शेवटी ‘तुझ्या हातून फुटली असती का’ असं लिहिलं. ते कानाला बरं लागलं, पण तेवढ्यात मागच्या दोन पानांतली ‘नियती’ खोटी वाटायला लागली. जाणकारांनी हात द्यावा.

प्रतिसाद :

नियती काढाच. आपली नियती क्रूर असते, खेळ मांडते, सूड उगवते. म्हणजे तिला मन आहे, आणि तिला फक्त शेवटाशी मतलब. तुम्ही कुठल्याही वाटेने जा, ती पुढच्या वळणावर उभीच. डिटर्मिनिझमला ना मन, ना शेवटाचं काही पडलेलं. आत्ताची स्थिती आणि नियम दिले की पुढची स्थिती एकच निघते, बस्स. फ्रेंच गणिती लाप्लासने १८१४ मध्ये कल्पिलेली सर्वज्ञ बुद्धी अशीच आहे. तिला एका क्षणाची सगळी बलं आणि सगळ्या वस्तूंच्या जागा कळल्या की मागचं-पुढचं सगळं ती गणिताने काढणार. तिथे कोणी काही लिहून ठेवलेलं नाही.

‘नियतिवाद’ही नको. तो शब्द बुद्धाच्या काळातल्या मक्खली गोसालाच्या आजीवक पंथाच्या मतासाठी केव्हाच खर्ची पडलाय. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफलसुत्तात ते मत आलंय (विरोधकांनी नोंदवलेलं आहे, हे धरून चाला). सुताचा गुंडा फेकला की जसा उलगडत उलगडत संपतो, तसे मूर्ख आणि शहाणे सारखेच फेरे संपवून सुटतात. आणि प्राण्यांच्या मलिन होण्याला किंवा शुद्ध होण्याला हेतू (म्हणजे कारण) नाही, प्रत्यय (म्हणजे निमित्त) नाही. म्हणजे गडी कारणच नाकारतोय! ज्या मताचा सगळा डोलारा कारणांवर उभा, त्याला कारण नाकारणाऱ्याचं नाव कसं द्यायचं?

मी ‘नियतत्ववाद’ लिहितो. दातात अडकतो, पण अर्थाला चोख आहे.

प्रतिसाद :

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण सिनेमात दोन्ही भानगडी आहेत. मेट्रिक्सच्या दुसऱ्या भागात (२००३) मेरोविंजियन नावाचं पात्र जेवणाच्या टेबलावर कार्यकारणाचं प्रवचन झोडतं. त्याला नियतत्ववाद शोभतो. ऑरॅकलचं वेगळं. ती निओला सांगते की तू ठरवायला आलेला नाहीस, ठरवून झालंय, का ठरवलंस ते समजून घ्यायला आलायस. हे भाकीत आहे. भाकीत करणारा घडवत नाही, असं आपण धरून चालतो, आणि फुलदाणीच्या बाबतीत नेमकं तेच धरता येत नाही.

प्रतिसाद :

मला मात्र ‘विधिलिखित’ आवडतो, आणि गंमत म्हणजे या सिनेमांत तो अक्षरशः खरा आहे. एरवी ‘लिहिलेलं असतं’ हे बोलण्यापुरतं. इथे खरोखर कोणीतरी बसून लिहिलंय, ओळीन् ओळ. ‘द थर्टीन्थ फ्लोअर’मध्ये (१९९९) १९३७ चं लॉस एंजेलिस संगणकात उभं केलंय. तिथला बारमन दुसऱ्यासाठी ठेवलेलं पत्र वाचतो आणि त्याला आपलं जग खोटं असल्याचं कळतं. पुढे ज्यांनी ते जग बनवलं त्यांच्यातलाच एक जण गाडी काढून आपल्या शहराच्या टोकाला जातो, तर पुढे डोंगर-आकाश संपून नुसत्या हिरव्या रेघा! ललाटरेषा म्हणा हवं तर.

आणखी एक. ‘प्रारब्ध’ इथे वापरू नका. प्रारब्ध म्हणजे सुरू झालेलं, धनुष्यातून सुटलेला बाण. पण तो बाण आपणच मागे कधीतरी सोडलेला असतो, म्हणून प्रारब्धाची तक्रार करता येत नाही. बारमनचं संचित काय? काल दुपारी चालू केलेल्या माणसाला कसलं आलंय पूर्वकर्म. त्याला तक्रारीचा पूर्ण हक्क आहे.

प्रतिसाद :

नामं पुष्कळ झाली, पण धागाकर्त्याची अडचण क्रियापदात आहे आणि खरी मौज तिथेच आहे.

मराठीत हवं असणं आपल्याला ‘येतं’. मला वाटलं, मला आवडलं, मला हवं होतं, माझ्या मनात आलं. या सगळ्यांत मी कर्ता नाही, माझ्याकडे काहीतरी चालून आलंय. करताना मात्र ‘मी’ पुढे होतो: मी घेतली, मी गेलो. ‘लाल गोळी हवीशी वाटली म्हणून मी घेतली’ (निओ सत्य कळावं म्हणून घेतो ती) या साध्या वाक्यात पहिला अर्धा भाग आपल्या ताब्यात नाही आणि दुसऱ्याची जबाबदारी आपली. ‘इच्छास्वातंत्र्य’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. मनाला येईल ते करायचं स्वातंत्र्य समजतं. मनात काय यावं याचं स्वातंत्र्य कोणाला असतं? ‘संकल्पस्वातंत्र्य’ बरा, संकल्प निदान आपण सोडतो तरी.

आता ‘एग्झिस्टेन्झ’ (१९९९) बघा. नायक पिकुल एका व्हिडिओ गेमच्या आत, उपाहारगृहात बसलाय. समोरच्या किळसवाण्या ताटातली हाडं जोडून त्याच्याकडून पिस्तूल तयार होतं, कोणालातरी मारावंसं वाटायला लागतं आणि तो वेटरला गोळी घालतो. शिसारीही येतेय आणि हात थांबत नाही. इंग्रजीत हे सांगायला बरीच कसरत लागते, आपल्याकडे ‘राहवेना’ या एका रूपात काम होतं. ‘मी मारलं नाही’ असं ते म्हणत नाही आणि ‘मी मारलं’ असंही म्हणत नाही. करवेना, बोलवेना, उठवेना ही सगळी भावंडं त्याच घरातली. त्याच सिनेमात पिकुल कुरकुरतो की या जगात इच्छास्वातंत्र्याला फारसं स्थान दिसत नाही. त्यावर त्याला उत्तर मिळतं की खऱ्या आयुष्यासारखंच आहे, रंगत येण्यापुरतं असतं.

आणि कर्ता म्हणजे कोण, हे पाणिनीने सांगून ठेवलंय: ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४). क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. पण लगेच पुढचं सूत्र ‘तत्प्रयोजको हेतुश्च’. त्या कर्त्याला कामाला लावणारा तो ‘हेतू’, आणि त्या ‘च’मुळे तोही कर्ताच. निओ फोडतो, ऑरॅकल फोडायला लावते, कर्ते दोघंही. ‘हेतू’ शब्दाचा प्रवास तर बघा. गोसाला नाकारतो ते कारण, पाणिनीचा तो करवणारा, आणि आज आपण ‘तुमचा हेतू काय?’ विचारतो तेव्हा इरादा. या लेखाचा अख्खा वाद त्या एका शब्दात बसलाय.

प्रतिसाद :

थोडं अवांतर: ‘आभासी जग’ लिहिणार असाल तर दोनदा विचार करा. आभास म्हणजे नसलेलं दिसणं. मेट्रिक्समध्ये संगणकी जगाच्या आत मेलेला माणूस बाहेर, खऱ्या जगातल्या खुर्चीतही मरतो. हे कसलं आभासी? ‘रचलेलं जग’ म्हणा, नाहीतर तुमचं ‘बनवलेलं’ काय वाईट आहे?

धागाकर्ता :

सगळ्यांचे आभार. मेरोविंजियनला नियतत्ववाद, बारमनला विधिलिखित आणि पिकुलला राहवेना. फुलदाणीला ‘तुझ्या हातून’ ठेवतोय. चुकीसाठीही आपण हातून म्हणतो आणि ‘एवढं तरी माझ्या हातून होऊ दे’ असंही म्हणतो. दोन्हीकडे हात आपलाच, पण करणारं कोण हे उघडं ठेवून.

प्रतिसाद :

हरकत नाही, पण मूळ प्रश्नात थेट ‘तू फोडली असतीस का’ असंच आहे, आणि ती टोचणी तुमच्या वाक्यातून गेली. शिवाय फुलदाणी पडल्यावर निओच्या तोंडून पहिला शब्द ‘सॉरी’ येतो. फोडायला लावलं तिने, माफी मागितली याने.

धागाकर्ता :

अरे देवा. म्हणजे पुन्हा ‘फोडली असतीस’?