मालिकेवरून लिहिलेली कादंबरी साहित्य ठरते का? निमित्त ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’

गंगापूर रोडकर

गेल्या रविवारी आम्हा पाच-सहा वाचकांच्या बैठकीत मी व्हॉन्डा मॅकिंटायर यांच्या ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ या कादंबरीविषयी बोललो. माझे बोलणे संपण्याआधीच एका ज्येष्ठ सदस्यांनी, दूरचित्रवाणी मालिकेच्या नावावर निघालेले पुस्तक हे त्या मालिकेचाच माल असते आणि त्याची चर्चा साहित्य म्हणून करू नये, असे स्पष्ट सांगितले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण हे मत मला पटलेले नाही. का पटले नाही ते तिथे घाईत नीट मांडता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत प्रसारित झाली आणि तिचे ७९ भाग झाले. तिच्यातील पात्रे घेऊन मॅकिंटायर यांनी लिहिलेली ही स्वतंत्र कादंबरी १९८१ साली आली. एन्टरप्राइझ हे अंतराळजहाज एका नेकेड सिंग्युलॅरिटीचा अभ्यास करत असताना (सिंग्युलॅरिटी म्हणजे जिथे घनता अमर्याद होते असा बिंदू; त्याभोवती घटनाक्षितिजाचे, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही अशा सीमेचे आवरण नसेल तर तो नेकेड), खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरलेल्या मॉर्द्रो नावाच्या शास्त्रज्ञाला पुनर्वसन वसाहतीत पोहोचवण्याचे काम त्याच्याकडे येते. हा मॉर्द्रो एकेकाळी जहाजावरील विज्ञान अधिकारी स्पॉक याचा शिक्षक होता. तो कोठडीत बंद असताना तोच मॉर्द्रो जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात येऊन कप्तान किर्कला गोळी घालतो, आणि हे घडलेले पुसून टाकण्यासाठी स्पॉकला काळात मागे जावे लागते.

आता माझा मुद्दा. किर्क मरत नाही हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, तरीही त्याच्या मृत्यूची पाने मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. गोळीतून सुटलेले जाळे शरीरात पसरत मेंदूपर्यंत जाते. मेंदू संपलेला असतो, पण यंत्रे श्वास चालू ठेवतात, आणि ती यंत्रे बंद करण्याचा निर्णय डॉक्टर मॅकॉय यांना घ्यावा लागतो. सहा वर्षांपूर्वी वडील अतिदक्षता विभागात असताना व्हेंटिलेटर काढण्याच्या कागदावर मी सही केली आहे. सही करताना पेन चालले नाही, तेव्हा परिचारिकेने स्वतःच्या खिशातले पेन काढून दिले, आणि ते परत करायचे भान मला राहिले नाही. मॅकॉयचा प्रसंग वाचताना मला ते पेन आठवले. लेखिकेने ते पात्र कोणाकडून उसने घेतले आहे, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनातही आला नाही.

दुसरी गोष्ट सुलूची. पडद्यावर तो सुकाणूशी बसतो आणि आज्ञा पाळतो. मॅकिंटायर यांनी त्याला महत्त्वाकांक्षा दिली. एन्टरप्राइझवर राहिलो तर स्वतःच्या जहाजाचा कप्तान होण्यासाठी लागणारा अनुभव मिळणार नाही हे ओळखून तो सीमेवरच्या एका लहान गस्ती जहाजावर बदली मागतो. ज्या जहाजावर आणि ज्या माणसांवर आपला जीव आहे ते सोडून जाण्याची ही ओढाताण इतकी खरी उतरली आहे की, चांगली नोकरी सोडून पुण्याला गेलेले माझे दोन मित्र मला त्यात दिसले. नायकाला हात लावायची परवानगी नसेल, तर लेखक नायकाच्या शेजारच्या माणसाकडे पाहू लागतो, आणि अशा कादंबऱ्यांचे खरे धन तिथेच असते, असे माझे मत आहे.

पंचवटीकर

बैठकीत ते वाक्य बोलणारा मीच, त्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

आपल्या वडिलांचा प्रसंग वाचून मी बराच वेळ थांबलो. त्या अनुभवाविषयी मी काहीही म्हणणार नाही. परंतु मृत्यूचे एक पान आपल्याला भिडले याचे श्रेय आपल्या अनुभवालाही द्यावे लागेल. माझा आक्षेप संपूर्ण रचनेवर आहे. कादंबरीत घडलेल्या गोष्टीचा परिणाम राहिला पाहिजे. या पुस्तकात किर्क मरतो, सुलू जहाज सोडतो, मॅकॉय आपल्या मित्राची यंत्रे बंद करतो, आणि शेवटी स्पॉक काळात मागे जाऊन हे सारे न घडलेले करतो. असे करणे लेखिकेला कथेच्या गरजेतून सुचले असते तर मी ते मान्य केले असते. परंतु सर्व पात्रे जशी घेतली तशीच परत ठेवणे ही इथे प्रकाशनाची अटच असते, कारण पुढच्या लेखकाला तीच पात्रे त्याच जागी हवी असतात. ज्या शोकाची परतफेड आधीच ठरलेली आहे, तो शोक मला पूर्ण वाटत नाही.

आणखी एक पुरावा देतो. याच मॅकिंटायर यांच्या ‘ड्रीमस्नेक’ या स्वतंत्र कादंबरीला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानसाहित्याचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. तिथे जग त्यांचे होते आणि शेवटही त्यांचा होता. लेखिका एकच, मग दोन पुस्तकांच्या वजनात एवढा फरक का पडावा? मला त्याचे उत्तर स्वातंत्र्य हेच दिसते.

ओझरकर

मी साहित्याचा अभ्यासक नाही. ओझरच्या विमान कारखान्यात माझी बत्तीस वर्षे गेली. त्यामुळे आधी विज्ञानाविषयी लिहितो.

नेकेड सिंग्युलॅरिटी ही लेखिकेची मनाची कल्पना नाही. तारा कोसळून निर्माण होणारी सिंग्युलॅरिटी नेहमी घटनाक्षितिजाआड झाकलेलीच राहते, असे अनुमान रॉजर पेनरोज यांनी १९६९ साली मांडले आणि ते अजून सर्वसाधारणपणे सिद्ध झालेले नाही. १९८१ च्या लोकप्रिय कादंबरीत हा प्रश्न कथेच्या मुळाशी यावा ही कौतुकाची गोष्ट आहे. मात्र कालप्रवासामुळे एन्ट्रॉपी, म्हणजे व्यवस्थेतील विस्कळीतपणाचे माप, इतकी झपाट्याने वाढते की विश्वाचा अंत शंभर वर्षांच्या आत येईल, हे जे पुस्तकात सांगितले आहे, त्याला ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात आधार नाही. बाहेरून कशाचीही देवघेव नसलेल्या व्यवस्थेची एन्ट्रॉपी कमी होत नाही, एवढेच तो नियम सांगतो. काळात मागे गेल्यास ती किती वाढेल हे त्यातून काढता येत नाही. तेवढ्यापुरते पुस्तक ढिले आहे. तरी मागे जाण्याची किंमत मोजावी लागते हे लेखिकेने लावून धरले आहे. कालप्रवासाच्या पुष्कळ कथांमध्ये ही किंमत कोणी विचारतच नाही.

आता पंचवटीकरांच्या आक्षेपाविषयी. आम्ही मिग या लढाऊ विमानांची जुळणी करत होतो. ड्रॉईंग आमचे नव्हते, ते रशियातून आलेले होते, आणि त्यातील एकही माप आम्हाला बदलता येत नव्हते. तरीही दोन फिटरांच्या कामात फरक असे, आणि तो आम्हाला पॅनेलवरून बोट फिरवले की कळत असे. एकाचा रिव्हेट पत्र्याशी असा सपाट बसलेला असे की नखाला धार लागत नसे, आणि दुसऱ्याचाही रिव्हेट टॉलरन्समध्येच, म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या मर्यादेतच असे, पण बोट अडे. दोन्ही पॅनेले तपासणीत पास होत. चौकट दुसऱ्याची असली म्हणून आत केलेले काम आपले राहत नाही, हे मला या कारणाने मान्य होत नाही.

पंचवटीकर

ओझरकर, आपला दाखला मला फार आवडला, परंतु तो माझ्या बाजूने जातो असे मला वाटते. एका विमानाचा भाग काढून त्याच नमुन्याच्या दुसऱ्या विमानात बसवता आला पाहिजे, हेच कारखान्यातील कामाचे यश. कादंबरीचे यश याच्या उलट असते. तिच्या जागी दुसरी बसवता येऊ नये.

नाशिकरोडकर

मी पुस्तक वाचलेले नाही, इंग्रजी कादंबरी माझ्याकडून पुरी होत नाही. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात ही मालिका लागत असे तेव्हा आमच्या चाळीत एकच संच होता आणि आम्ही दहा-बारा मुले जमिनीवर बसून पाहत असू. संवाद फारसे कळत नव्हते. स्पॉकची भुवई वर गेली की सगळे शांत होत, एवढे आठवते. अशा कादंबऱ्या मराठीत आल्या असत्या तर माझ्यासारखी मुले पुढे वाचनाकडे वळली असती, म्हणून त्यांना कमी लेखू नये असे मला वाटते.

कॉलेज रोडवरील शिक्षिका

शेवट आधीच माहीत असणे हा दोष कसा, हे मला पंचवटीकरांकडून समजून घ्यायचे आहे, आणि ते पंचवटीत राहतात म्हणून अधिकच. सीतागुंफेपासून चार पावलांवर बसून सीताहरणाचे आख्यान ऐकणाऱ्या बायका माझ्या आजीसोबत मी पाहिल्या आहेत. सीता परत येणार हे त्यातील प्रत्येकीला ठाऊक होते. तरी बुवांनी पर्णकुटी रिकामी आहे हे सांगितले की पदर डोळ्यांना लागत. पुढे काय होईल या चिंतेने त्या रडत नव्हत्या, त्या क्षणी रामाचे काय झाले असेल यासाठी रडत होत्या. श्रोत्याला शेवट माहीत असतो हे धरूनच आपली आख्यानपरंपरा उभी आहे. मॅकॉयच्या प्रसंगातही तेच घडते. किर्क परत येईल हे आपल्याला ठाऊक असते, पण मॅकॉयला ते ठाऊक नसते, आणि कळ तोच दाबतो.

उसन्या कथेविषयी बोलायचे तर आपल्या गावात तो प्रश्न पडूच नये. कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’च्या पाठीशी शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ उभा आहे आणि स्वतः शेक्सपिअरनेही लिअरची कथा आपल्या आधीच्यांकडून घेतली होती.

पंचवटीकर

आख्यानाचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. शेवट ठाऊक असल्याने शोक उणा होतो हे माझे विधान मी मागे घेतो.

परंतु ‘नटसम्राट’चा दाखला मला मान्य नाही. लिअर कोणाच्या मालकीचा नव्हता. कुसुमाग्रजांनी त्याचा राजा काढून नट केला, मुलींच्या संसारात मराठी मध्यमवर्ग आणला, आणि हे करताना कोणाची परवानगी मागितली नाही. सीतेची कथाही प्रत्येक कीर्तनकाराची असते, म्हणून बुवा तिला आपल्या मनाप्रमाणे वळवू शकतात. किर्क मात्र पॅरामाउंट या चित्रपट कंपनीच्या मालकीचा आहे, आणि हे पुस्तक छापणारी प्रकाशनसंस्थाही त्या वेळी पॅरामाउंटच्याच मूळ कंपनीच्या छत्राखाली होती. शिवाय पडद्यावर दिसते तेवढेच खरे, पुस्तकातले घडलेलेच नाही, असे मालिकेचे धोरण. जी कथा मालक स्वतः खरी मानत नाही, ती लिहिताना लेखकाने जीव कशावर लावायचा?

गंगापूर रोडकर

सर्वांचे मनापासून आभार. पंचवटीकरांचा हा शेवटचा प्रश्न खरोखर कठीण आहे.

मालिकेच्या ७९ भागांत सुलूला पहिले नावच नव्हते. मॅकिंटायर यांनी या कादंबरीत त्याला ‘हिकारू’ हे नाव दिले, जे ‘गेंजी’च्या प्राचीन जपानी कथेतील नायकाचे आहे. मालकाच्या दृष्टीने हे नाव दहा वर्षे खरे नव्हते. १९९१ साली मालिकेच्या सहाव्या चित्रपटात तो पडद्यावर स्वतःच्या जहाजाचा कप्तान म्हणून आला आणि तिथे हिकारू सुलू हे नाव उच्चारले गेले. ज्या माणसाने कादंबरीत कप्तान होण्याची इच्छा धरली होती, तो त्याच नावाने कप्तान झालेला दिसला. परवानगीच्या चौकटीत लिहिणाऱ्या लेखिकेने मालकाच्या घरात एक खोली बांधली आणि मालकाला ती राहती करावी लागली. जीव कशावर लावायचा याला माझे उत्तर हे आहे.

पुरस्कारांविषयीही सांगायचे आहे. ‘ड्रीमस्नेक’चे सन्मान मिळाल्यानंतर मॅकिंटायर यांनी ही कादंबरी लिहिली, आणि त्यानंतर याच मालिकेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चित्रपटांच्या कादंबऱ्याही त्यांनीच लिहिल्या. एवढे नाव झालेली लेखिका पुन्हापुन्हा या चौकटीत येत राहिली, त्या अर्थी तिला इथे काहीतरी मिळत असले पाहिजे.

आणि आपल्या विज्ञानसाहित्यातील एक गोष्ट. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, कारण परीक्षकांनी नाव पाहून निर्णय द्यावा अशी त्यांची इच्छा नव्हती. तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे २०२१ साली आपल्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पंचवटीकरांना माझी विनंती आहे की त्यांनी मॅकॉयचे ते प्रकरण मुखपृष्ठ काढून ठेवून, म्हणजे त्याला कोणतेही नाव नाही असे समजून वाचावे. माझी प्रत रविवार कारंज्याजवळच्या एका रद्दीवाल्याकडून घेतलेली आहे आणि तिचे मुखपृष्ठ आधीच सुटले आहे.

पंचवटीकर

प्रत मिळाली. ते प्रकरण काल रात्री दोनदा वाचले.

पान उत्तम आहे, हे मी बैठकीतही सर्वांसमोर सांगेन. मालिकेचा माल हा शब्द मी या पुस्तकासाठी पुन्हा वापरणार नाही. परंतु वाचून झाल्यावर माझा आक्षेप आणखी वाढला. इतके लिहू शकणाऱ्या लेखिकेला, तिला वाटले असते तर, किर्कला मेलेलाच ठेवण्याची मोकळीक हवी होती. तशी मोकळीक असतानाही तिने त्याला परत आणले असते तर मी आनंदाने वाचले असते. मोकळीक नसताना त्याचे परत येणे हा तिचा निर्णय होता की करारातील कलम होते, हे मला पानावरून ठरवता येत नाही. गंगापूर रोडकर, आपल्याला ते ठरवता येते का?

गंगापूर रोडकर

किर्कच्या बाबतीत येत नाही. स्पॉकच्या बाबतीत येते. सर्व पूर्ववत झाल्यावरही स्पॉकला घडलेले आठवते, त्याच्यासमोर किर्क चालतो-बोलतो आहे आणि त्याला काहीच माहीत नाही. कंपनीला फक्त पात्रे जागेवर हवी होती. हे आठवणे लेखिकेने ठेवले.

पंचवटीकर

मग शेवटची प्रकरणेही वाचतो. प्रत आणखी आठवडाभर माझ्याकडे राहू द्यावी.